हाय-प्रेशर हायड्रॉलिक पंपात पिस्टन रिंगा किती पॉवर खातात? नवीन लोकांसाठी हिशोब, पायरी पायरीने

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या एमआयडीसींमध्ये मेंटेनन्सला नुकतेच लागलेले, उमरेड-सावनेरकडच्या खाणींतल्या मशीनवर काम करणारे, किंवा डिप्लोमा-बीईच्या शेवटच्या वर्षाला पंपाचा प्रोजेक्ट घेतलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं काम नागपुरात पंप खोलणं, जोडणं आणि टेस्ट करणं, आणि नवीन मुलं जवळपास सगळी एकाच जागी अडकतात. पुस्तकात पिस्टन रिंगचं घर्षण शोधायला गेलं की सगळं इंजिनाचं सापडतं, आणि पंपाच्या कॅटलॉगमध्ये फक्त एकूण एफिशियन्सी दिलेली असते, रिंगचा वाटा वेगळा कुठेच नसतो. मग पोरं इंजिनाचा फॉर्म्युला उचलतात, त्यात ३०० बार टाकतात आणि जे काय येईल ते रिपोर्टमध्ये लिहून मोकळे होतात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, पुढे सगळं यावरच चालणार आहे. एक, हाय-प्रेशर पंपात रिंगचं घर्षण रिंगच्या स्प्रिंगपणामुळे होत नाही, रिंगच्या मागे, पिस्टनवरच्या तिच्या खाचेत शिरलेल्या ऑइलच्या प्रेशरमुळे होतं. दुसरी, याचं उत्तर एक आकडा नसतो, कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं असा पट्टा असतो, आणि तो पट्टा छोटा करत नेणं हेच खरं काम.

हाताशी काय काय पाहिजे

कागद:
- पंपाच्या नेमप्लेटचा स्पष्ट फोटो, मॉडेल कोड पूर्ण दिसला पाहिजे
- कॅटलॉग, त्यातलं डिस्प्लेसमेंट (एका फेरीत पंप किती ऑइल ढकलतो ते) आणि सेक्शन ड्रॉइंग
- ऑइलची डेटा शीट, ४० आणि १०० डिग्रीची व्हिस्कॉसिटी (ऑइल किती घट्ट आहे ते) त्यात असतेच
- मशीन खरंच किती प्रेशरवर आणि टाकीच्या किती टेंपरेचरवर चालते याची लॉगशीट, नसेल तर आठवडाभर स्वतः लिहून काढा

हत्यारं: मायक्रोमीटर, व्हर्निअर, बोअर गेज, फीलर गेज, ग्रॅममध्ये वाचणारा छोटा स्प्रिंग बॅलन्स, आणि साधं एक्सेल. शेवटच्या टेस्टसाठी लोड सेल आणि प्रेशर गेजवाला हँडपंप लागेल, त्याचं तिथेच सांगतो.

१. आधी पाहा, तुमच्या पंपात रिंग आहे की नाही

हसू नका, निम्मा गोंधळ इथेच होतो. स्वॅशप्लेटवाल्या (तिरक्या प्लेटने पिस्टन पुढे-मागे करणाऱ्या) अॅक्सिअल पिस्टन पंपात बहुतेक वेळा पिस्टनवर रिंग नसतेच, पिस्टन आणि बोअर (ज्या भोकात पिस्टन चालतो ते) यांच्यात काही मायक्रॉनचा क्लिअरन्स असतो आणि तोच सीलचं काम करतो. तिथलं घर्षण वेगळ्या कारणाने होतं, स्वॅशप्लेटच्या तिरकेपणामुळे पिस्टनला बाजूने लोड येतो आणि तो बोअरच्या कडेला दाबला जातो, त्याला खालचा हिशोब लागू नाही.

रिंग सापडते ती मुख्यतः बेंट अॅक्सिस पंप-मोटरमध्ये (शाफ्ट आणि सिलेंडर ब्लॉक एका रेषेत नसून कोनात असतात), जिथे पिस्टनचं डोकं गोलसर असतं, आणि मोठ्या रेडिअल पिस्टन मोटरमध्ये. गाड्या धुवायच्या किंवा वॉटर जेटच्या प्लंजर पंपात रिंगच्या जागी पॅकिंग असतं, व्ही आकाराच्या सीलांची थप्पी. तिथे दाबाने घर्षण वाढतं हे तत्त्व तेच, पण पॅकिंगची लांबी आणि ग्लँड किती आवळली यावर सगळं जातं, त्यामुळे हे आकडे तिथे नेऊ नका.

सेक्शन ड्रॉइंग पाहा, नाही तर खोललेला पंप पाहा. रिंग असेल तरच पुढे वाचा.

२. मापं घ्या, आणि रुंदी-जाडीत गल्लत करू नका

चार मापं लागतात: बोअरचा व्यास, रिंगची रुंदी, स्ट्रोक (पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढा सरकतो ते अंतर) आणि पिस्टनची संख्या.

रुंदी म्हणजे पिस्टनच्या लांबीच्या दिशेने रिंग जेवढी उंच दिसते ती. बोअरला घासणारी पट्टी तेवढीच असते. जाडी म्हणजे रिंग खाचेत आत किती शिरते ते माप, त्याचा या हिशोबात उपयोग नाही. रिंग टेबलावर आडवी ठेवली की वरून जे दिसतं ती जाडी, आणि टेबलापासून वर जेवढी उंची ती रुंदी, एवढं डोक्यात ठेवा.

बोअर एकाच जागी मोजू नका. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. जिथे पिस्टन थांबून उलटा फिरतो तिथे झीज जास्त असते, त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

स्ट्रोक मोजायला अवघड जात असेल तर डिस्प्लेसमेंटवरून काढता येतो: डिस्प्लेसमेंटला पिस्टनच्या संख्येने आणि एका पिस्टनच्या क्षेत्रफळाने भागा. व्हेरिएबल पंप असेल तर हा पूर्ण अँगलचा स्ट्रोक झाला, मशीन अर्ध्या अँगलवर चालत असेल तर स्ट्रोकही तेवढा कमी धरावा लागेल.

या लेखात सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे तुम्हाला स्वतःचे आकडे टाकून ताडून पाहता येईल:

- बोअर २५ मिमी, स्ट्रोक ३२ मिमी, पिस्टन ७, म्हणजे डिस्प्लेसमेंट ११० सीसी
- प्रत्येक पिस्टनवर २ रिंगा, एकेकीची रुंदी २ मिमी
- प्रेशर ३०० बार, स्पीड १५०० आरपीएम
- फ्लो १६५ लिटर प्रति मिनिट, हायड्रॉलिक पॉवर १६५ × ३०० ÷ ६०० = ८२.५ किलोवॅट

३. ऑइल नेमकं किती पातळ झालं आहे ते काढा

इथे नागपूरचं ऊन हिशोबात येतं. व्हीजी ४६ ऑइल म्हणजे ४० डिग्रीला ४६ सेंटीस्टोक, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे तोच आकडा धरून चालतात. पण मे महिन्यात शेडमध्येच पंचेचाळीसच्या आसपास पारा असतो, कूलरची जाळी धुळीने भरलेली असते, टाकी ६५-७० डिग्रीवर जाऊन बसते. साध्या मिनरल ऑइलचं साधारण असं होतं:

- २० डिग्रीला १३५ सेंटीस्टोकच्या आसपास
- ४० डिग्रीला ४६
- ६० डिग्रीला २० च्या आसपास
- ७० डिग्रीला १५ च्या आसपास

बऱ्याच अॅक्सिअल पिस्टन पंपांच्या कॅटलॉगमध्ये चालू अवस्थेत १६ ते ३६ सेंटीस्टोक सगळ्यात चांगलं म्हणून दिलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी व्हीजी ४६ त्या पट्ट्याच्या खाली घसरतं आणि रिंग-बोअरमधली ऑइलची फिल्म, म्हणजे थर, पातळ होते. म्हणून हिशोब दोनदा करा, एकदा मे महिन्याच्या दुपारचा आणि एकदा डिसेंबरच्या सकाळचा. ऑइल ग्रेड बदलायचा विचार आला तर आधी तुमच्या पंपाच्या कॅटलॉगमधली मर्यादा वाचा, काहून की जाड ऑइल थंडीत सक्शनला त्रास देते आणि तो त्रास घर्षणाच्या नुकसानापेक्षा महाग पडतो.

सेंटीस्टोकवरून खरी व्हिस्कॉसिटी काढायला घनतेने गुणायचं. घनता ८७० किलो प्रति घनमीटर धरली तर ६० डिग्रीला ०.०१७५ पास्कल सेकंद येतं. अजून एक, प्रेशरनेही ऑइल घट्ट होतं, मिनरल ऑइल ३५० बारला साधारण दुप्पट. पण रिंगच्या पट्टीखाली प्रेशर एका कडेकडून दुसरीकडे उतरत जातं, त्यामुळे पहिल्या हिशोबात हे सोडून दिलं तरी चालतं.

४. रिंग बोअरवर किती जोराने दाबली जाते

हा भाग सावकाश वाचा, सगळा जीव यात आहे.

रिंगला बाहेर ढकलणाऱ्या गोष्टी दोन. पहिली रिंगचा स्वतःचा ताण. बारीक स्टीलची पट्टी रिंगभोवती गुंडाळून स्प्रिंग बॅलन्सने ओढा, रिंगची कापलेली टोकं कामाच्या गॅपएवढी जवळ आली की जो जोर दिसेल तो स्पर्शरेषेतला ताण. मग

रिंगचा स्वतःचा दाब = २ × ताण ÷ (व्यास × रुंदी)

आपल्या उदाहरणात ताण ३.७५ न्यूटन आला समजा, म्हणजे दाब ०.१५ न्यूटन प्रति चौमिमी. बोअरला टेकलेली पट्टी ३.१४ × २५ × २ = १५७ चौमिमी, म्हणजे एका रिंगला साधारण २४ न्यूटन, दोन रिंगांना ४७.

दुसरी गोष्ट प्रेशर. ३०० बारचं ऑइल रिंगच्या वरून खाचेत शिरतं आणि रिंगच्या पाठीवर पूर्ण दाब देतं. समोरच्या तोंडावर, म्हणजे बोअरकडच्या बाजूला, वरच्या कडेला ३०० आणि खालच्या कडेला जवळपास शून्य. तोंड सपाट असेल आणि दाब सरळ रेषेत उतरत असेल तर सरासरी १५० बार रिंगला उलटं आत ढकलतात. उरतात १५० बार, म्हणजे १५ न्यूटन प्रति चौमिमी, आणि १५७ चौमिमीवर ते झाले २३५० न्यूटन.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ताणाचे ४७ आणि प्रेशरचे २३५०. स्प्रिंगपणाचा वाटा २ टक्केच! त्यामुळे कोणी म्हणालं की रिंग जरा कडक लागली म्हणून पंप पॉवर खातो, तर ३०० बारवर तो मुद्दा टिकत नाही. सक्शन स्ट्रोकला मात्र प्रेशर नसतं, तिथे फक्त ताणच असतो, पण तो एकूण हिशोबात फारच छोटा.

प्रेशरचा किती हिस्सा रिंगला प्रत्यक्ष दाबतो याला मी पुढे दाब-गुणक म्हणतो. सपाट तोंडाच्या रिंगला ०.५. तोंड गोलसर असेल आणि रिंग वरच्या कडेवरच टेकत असेल, तर बाकी सगळ्या तोंडावर खालचं कमी प्रेशर राहतं आणि गुणक १ च्या जवळ जातो. काही रिंगांच्या तोंडावर मुद्दाम खाच दिलेली असते, म्हणजे ऑइल समोर येऊन दाब तोलतं, तिथे ०.५ पेक्षाही कमी. माहीत नसेल तर ०.५ आणि १, दोन्ही धरून दोन उत्तरं काढा.

आणि या सापळ्यात जवळपास प्रत्येक जण अडकतो: दोन रिंगा आहेत म्हणून प्रेशरचा भाग दोनाने गुणणं. तसं होत नाही. ३०० बार दोन रिंगांमध्ये वाटले जातात, पहिलीवर २०० पडले तर दुसरीवर १००, कसेही वाटले तरी फरकांची बेरीज ३०० च. त्यामुळे सारख्या रुंदीच्या रिंगा दोन असोत की तीन, प्रेशरमुळे येणारा एकूण जोर तेवढाच राहतो, वाढतो तो फक्त ताणाचा छोटा भाग.

५. घर्षण गुणांक कुठला धरायचा

सगळ्यात मोठी अनिश्चितता इथेच आहे.

रिंग आणि बोअर यांच्यात ऑइलची पूर्ण फिल्म भरली तर घर्षण फार कमी. करून पाहा: सरासरी पिस्टन स्पीड २ × ०.०३२ × २५ = १.६ मीटर प्रति सेकंद, फिल्म १ मायक्रॉन धरली, तर एका रिंगवर फक्त साडेचार न्यूटनच्या आसपास ओढ येते. धातूला धातू घासत असेल, मध्ये ऑइलचा नुसता लेप असेल, तर गुणांक ०.१ च्या वर जातो आणि तोच पिस्टन २३५ न्यूटन ओढतो. कुठे साडेचार आणि कुठे २३५!

खरं काय होतं ते या दोन्हीच्या मध्ये. पंपाच्या रिंगवर १५० बार निव्वळ दाब आहे आणि पट्टी फक्त २ मिमी रुंद, एवढा लोड पूर्णपणे फिल्मवर उचलला जाणं कठीण, त्यामुळे मिश्र अवस्था, म्हणजे थोडा लोड फिल्मवर आणि थोडा थेट धातूवर, धरणंच बरोबर. मी हे आकडे धरायला सांगतो:

- खालची मर्यादा ०.०२: चांगला बोअर, स्वच्छ ऑइल, पूर्ण स्पीड
- मधला ०.०५
- वरची मर्यादा ०.१: पातळ ऑइल, कमी स्पीड, घासलेला बोअर

इंजिनाच्या पुस्तकातले घर्षणाचे तयार फॉर्म्युले इथे का चालत नाहीत ते आता कळेल. इंजिनात मोठं प्रेशर ज्वलनाच्या वेळी थोडा वेळच असतं, बाकी सायकलभर रिंग जवळपास स्वतःच्या ताणावरच फिरते. पंपात पूर्ण डिलिव्हरी स्ट्रोकभर, म्हणजे प्रत्येक फेरीचा अर्धा भाग, प्रेशर अखंड बसलेलं असतं.

अजून एक गैरसमज. पिस्टन टोकाला थांबतो तिथे स्पीड शून्य, फिल्म फुटते, घर्षण जास्त, हे सगळं खरं, आणि म्हणून बरेच जण टोकांना खूप महत्त्व देऊन सरासरी गुणांक वर नेतात. पण खर्च होणारं काम बल गुणिले अंतर असतं, बल गुणिले वेळ नाही. टोकापासून स्ट्रोकच्या फक्त १ टक्का अंतरावर पिस्टन कमाल वेगाच्या २० टक्क्यांवर पोचलेला असतो. आपल्या ३२ मिमी स्ट्रोकमध्ये हे अंतर एक तृतीयांश मिलिमीटरही नाही. म्हणजे टोकांना पॉवर फारशी जात नाही, झीज मात्र तिथेच होते, म्हणून दुसऱ्या पायरीत बोअर तिथे नीट मोजायला सांगितला. मशीन २०० आरपीएमवर रेंगाळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पूर्ण स्ट्रोकभर वरचाच गुणांक धरा.

कोळशाच्या धुळीत चालणाऱ्या मशीनला मधला आकडा धरताना जरा विचार करा. ऑइलचा सॅम्पल काढून आयएसओ ४४०६ प्रमाणे क्लीनलीनेस कोड (ऑइलमध्ये कचऱ्याचे कण किती ते सांगणारा) पाहा, कोड खराब असेल तर ०.०५ च्या खाली जायचंच नाही.

६. आता पॉवर काढा

पिस्टनवरचं घर्षण = गुणांक × दाब-गुणक × प्रेशर × ३.१४ × व्यास × रुंदी

एका डिलिव्हरी स्ट्रोकचं काम म्हणजे हे बल गुणिले स्ट्रोक, मग पिस्टनची संख्या आणि सेकंदाला फेऱ्या यांनी गुणा. पूर्ण फेरीसाठी दोन स्ट्रोक धरू नका, प्रेशर एकाच स्ट्रोकला असतं. ही चूक झाली की उत्तर सरळ दुप्पट येतं.

पण याहून सोपा रस्ता आहे आणि तो मला फार आवडतो. घर्षणाच्या पॉवरला हायड्रॉलिक पॉवरने भागलं की प्रेशर, स्ट्रोक, पिस्टनची संख्या, आरपीएम सगळं वर-खाली कटून जातं, आणि उरतं ते एवढंच:

नुकसानीचा हिस्सा = ४ × गुणांक × दाब-गुणक × रुंदी ÷ व्यास

आपल्या उदाहरणात मधला अंदाज: ४ × ०.०५ × ०.५ × २ ÷ २५ = ०.००८, म्हणजे ०.८ टक्का. ८२.५ किलोवॅटचे झाले ०.६६ किलोवॅट. यात रिंगच्या ताणाचा भाग मिळवायचा, तो दोन्ही स्ट्रोकला असतो: ४७ × ०.०५ × ०.०६४ × ७ × २५, म्हणजे २६ वॅट. एकूण ०.६९ किलोवॅट.

खालची मर्यादा, गुणांक ०.०२ आणि दाब-गुणक ०.५: साधारण ०.२७ किलोवॅट.
वरची मर्यादा, गुणांक ०.१ आणि दाब-गुणक १: साधारण २.७ किलोवॅट.

पट्टा दहापट रुंद आहे म्हणून घाबरू नका, सुरुवातीला असाच येतो. या छोट्या फॉर्म्युल्यातून कामाची गोष्ट ही कळते की प्रेशर २०० वरून ३०० केलं तरी टक्केवारी आपोआप वाढत नाही, फिल्म बिघडून गुणांक वाढला तरच वाढते. आणि टक्केवारी मुळात रुंदी आणि व्यास यांच्या प्रमाणावर ठरते, म्हणून छोट्या बोअरचा पंप त्याच रुंदीच्या रिंगेने जास्त मार खातो.

युनिटचा सापळा जाता जाता: १० बार म्हणजे १ न्यूटन प्रति चौमिमी. मापं मिमीत असतील तर प्रेशर आधी याच युनिटमध्ये आणा, ३०० बारचे ३०.

७. अंदाज खरा आहे का ते तपासा

आधी टॉर्क मीटरच्या भरवशावर का राहता येत नाही ते पाहा. या पंपाचा थिअरीतला टॉर्क ५२५ न्यूटन मीटर. मेकॅनिकल एफिशियन्सी ९५ टक्के धरली तर एकूण सगळ्या घर्षणाचे २७-२८ न्यूटन मीटर होतात, त्यात बेअरिंग, पोर्ट प्लेट, ऑइल घुसळणं सगळं आलं. रिंगचे ०.६९ किलोवॅट म्हणजे फक्त ४.४ न्यूटन मीटर. आणि १००० न्यूटन मीटरचा टॉर्क मीटर अर्धा टक्का चुकला तरी ५ न्यूटन मीटरचा फरक पडतो. म्हणजे आपल्याला जे मोजायचं ते मीटरच्या चुकीतच बुडून जातं. आयएसओ ४४०९ प्रमाणे पंपाची टेस्ट जरूर करा, पण त्यातून एकूण नुकसान कळेल, रिंगचा वाटा वेगळा निघणार नाही.

वेगळा काढायचा तर असं करा. एक चांगला होन केलेला बोअर घ्या, तुमच्या सिलेंडर ब्लॉकच्या मापाचा आणि फिनिशचा. त्यात एक दांडा, ज्याच्या दोन्ही टोकांना खऱ्या पिस्टनसारख्या खाचा आणि रिंगा आहेत. दोन टोकांच्या मधल्या जागेत हँडपंपने ऑइल भरा. प्रेशर दोन्ही टोकांना सारखं आणि उलट दिशेने ढकलतं, त्यामुळे दांडा कुठेच पळत नाही, आणि लोड सेल लावून दांडा सरकवला की जो जोर लागतो तो निव्वळ दोन्ही टोकांच्या रिंगांचं घर्षण. २०० किलोचा लोड सेल पुरतो. खराद आणि होनिंगचं काम हिंगणा एमआयडीसीत करून मिळतं, बारका माल इतवारीत लोहाओळीकडे सापडतो.

शून्य, ५०, १००, १५०, २०० बारला सरकवून जोर लिहा आणि आलेख काढा. साधारण सरळ रेषा यायला पाहिजे. शून्य प्रेशरला जो जोर दिसतो तो ताणाचा भाग. रेषेच्या चढावरून गुणांक आणि दाब-गुणक यांचा गुणाकार एकत्र मिळतो, आणि सहाव्या पायरीत तोच गुणाकार लागतो, दोन्ही वेगळे करायची गरजच नाही. आपल्या मापांसाठी दोन्ही टोकं मिळून ३१४ चौमिमी, म्हणजे दर १० बारला जोर १६ न्यूटनने वाढत असेल तर गुणाकार ०.०५.

हाताने सरकवताना स्पीड फार कमी असतो, त्यामुळे ही तुमची वरची मर्यादा झाली, चालत्या पंपात याच्यापेक्षा कमीच येईल. ऑइल गरम करून ६०-७० डिग्रीला पुन्हा घ्या. एकाच दिशेने नाही, दोन्ही दिशांनी सरकवून सरासरी घ्या.

सुरक्षेचं मनापासून सांगतो, हे वाचल्याशिवाय हँडपंपला हात लावू नका. हवा पूर्ण काढा, अडकलेली हवा दाबाखाली स्प्रिंगसारखी ताकद साठवते. दांड्याच्या दोन्ही टोकांना मजबूत अडथळा लावा आणि टोकांच्या रेषेत उभं राहू नका. गळती हाताने चाचपून पाहू नका, पुठ्ठा वापरा. एवढ्या प्रेशरची बारीक धार कातडीच्या आत ऑइल घुसवते, बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आत हाताचं मांस सडायला लागतं. असं झालं तर ड्रेसिंग करून घरी जायचं नाही, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) असो की खासगी, सर्जरीची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये ताबडतोब जायचं आणि हाय-प्रेशर ऑइल आत गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

८. आकडा आल्यावर काय करायचं

रिपोर्टमध्ये तीन आकडे लिहा, खालचा, मधला, वरचा, आणि प्रत्येकासमोर गुणांक, दाब-गुणक, ऑइलचं टेंपरेचर. गाइड किंवा साहेब एकच आकडा मागतील, तेव्हा मधला द्या, पण पट्टा सोबत ठेवा.

पैशात सांगायचं तर ०.६९ किलोवॅट वर्षाला ४००० तास म्हणजे पावणेतीन हजार युनिट, मोटरचं नुकसान वेगळं, दर तुमच्या बिलातला लावा. उष्णतेचंही पाहा: केस ड्रेन (आत झिरपलेलं ऑइल टाकीत परत नेणारी लाइन) ३ लिटर प्रति मिनिट असेल आणि रिंगांची सगळी उष्णता तिकडेच गेली असं धरलं तर केसचं ऑइल ८ डिग्रीने तापतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता मेन फ्लोसोबत निघून जाते, त्यामुळे केस ड्रेन अचानक १५-२० डिग्रीने तापला तर संशय रिंगच्या घर्षणावर घेऊ नका, लीकेज वाढलं आहे का ते आधी पाहा, ड्रेनचा फ्लो बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजा.

घर्षण कमी करायला रुंदी कमी असलेली रिंग लावावी असा विचार येतोच. कागदावर बरोबर आहे, २ च्या जागी १.५ मिमी घेतली तर प्रेशरचा भाग एक चतुर्थांश कमी. पण खाच त्याच मापाची पाहिजे, ढिल्या खाचेत रिंग आपटून तुटते. आणि रिंगच्या कापलेल्या टोकांमधला गॅप नीट नसेल तर लीकेजमध्ये जे जाईल ते घर्षणात वाचवलेल्यापेक्षा सहज जास्त होतं. जुन्या पंपात मी तरी आधी गॅप पाहतो, मग बोअरची टोकं, मग ऑइलचा कोड, आणि घर्षणाचा हिशोब त्यानंतर. नवीन रिंग बसवताना फीलर गेजने गॅप बोअरमध्येच मोजा, जिथे झीज सगळ्यात कमी आहे त्या जागी, काहून की घासलेल्या टोकाला बेतून गॅप ठेवला तर आतल्या अरुंद भागात रिंगची टोकं एकमेकांवर आपटतात आणि रिंग बोअरमध्ये जाम होते. मोजलेला गॅप, तारीख आणि त्या दिवशीचं टाकीचं टेंपरेचर पंपाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी पंप खोलाल तेव्हा रिंग किती घासली ते त्याच आकड्यावरून निघेल.